तक्रारींची फाइल

३ मार्च

चि. बॉबिन यास,
अनेक आशीर्वाद.

आज साडेनऊला दुकान उघडलं. शटर अडकतं. झाडून घेतलं, मांडण्यांवरची शिलाई यंत्रं मोजली. एकेचाळीस भरली. साडेदहाला एक बाई आल्या आणि माझं यंत्र द्या म्हणाल्या. कुठलं ते विचारलं तर म्हणाल्या, काळं. सव्वीस यंत्रं काळी आहेत. त्यांना पाणी दिलं, त्या गेल्या. दुपारी आणखी तिघे आले, तेही तसेच गेले. पाचला बंद करून घरी आलो.

तुझी मावशी गेल्याला सात आठवडे झाले. इतकी वर्षं यंत्रं दुरुस्त केली, पण तिने कधी एकाही यंत्राला चिठ्ठी बांधली नाही. चिठ्ठी गळून पडते म्हणायची. यंत्र हाती घेतलं की फोटो काढायचा, दुकानातल्या संगणकात टाकायचा आणि सगळी हकीकत त्या फोटोच्या नावात लिहायची, अशी तिची पद्धत. संगणक तूच बसवून दिला होतास, तेव्हा तुला ठाऊक असेल. नसेल तर नमुने उतरवतो.

काळं, सोनेरी वेल, टेलरबाई तोंडाळ, सुई उलटी आणि म्हणे यंत्र बिघडलं.jpg
हिरवं, मोटर जळाली, नवरा म्हणतो मी हात लावला नाही, लावलाय.jpg
पांढरं, आत झुरळांचं कुटुंब, सगळे खुशाल.jpg
पांढरं, पाचव्यांदा आलं, यंत्र ठणठणीत, बाईंना घरात कोणी बोलायला नाही.jpg

ठरावीक लांबीपुढे संगणक नाव घेत नाही, म्हणून काही वाक्यं मध्येच तुटली आहेत. तेव्हा ती त्याला शिव्या द्यायची. मी मागच्या खोलीत असलो तर मला वाटायचं, गिऱ्हाइकालाच देते आहे.

असे चार हजार एकशे बारा फोटो आहेत. संगणकाच्या खिडकीत नावाचे पहिले दोन-तीन शब्दच दिसतात, पुढे टिंबं. मला सगळी नावं कागदावर हवी आहेत, आहेत तशी. यादी हातात घेऊन एकेक यंत्र ओळखता येईल आणि ज्याचं त्याला देता येईल. फोटो मी उघडलेले नाहीत. नावांवर भागेल.

गाळा एकतीस तारखेला सोडायचा आहे. शेजारचा कुलूपवाला घेतो आहे. तो रोज येऊन भिंती मोजतो. रोज तेवढ्याच भरतात.

फोन करू नकोस. फोनवर मला काय बोलावं ते सुचत नाही, आणि तू थांबत नाहीस.

तुझा,
काका


५ मार्च

काका,

बसल्या जागेवरून साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून ऑफिसात एकटाच हसलो. शेजारच्याने विचारलं काय झालं, तर त्याला झुरळांचं कुटुंब समजावून सांगता येईना. मावशीने यंत्राच्या पोटातल्या रिळावरून मला बॉबिन नाव ठेवलं तेव्हा म्हणाली होती, तू खाली बसून नुसता फिरतोस आणि वरच्याला वाटतं सगळं तोच शिवतोय. तेव्हा मला ती स्तुती वाटली होती.

काम सोपं आहे. तुमच्या संगणकासाठी एक स्क्रिप्ट सोबत जोडली आहे. स्क्रिप्ट म्हणजे हुकमांची चिठ्ठी. संगणक ती वरून खाली वाचतो आणि निमूट ऐकतो. मावशीच्या दुकानात निमूट ऐकणारं तेवढं एकच होतं, तुम्हाला सोडून.

कुठल्याही कामाआधी प्रत काढायची, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. म्हणून ही पहिली स्क्रिप्ट प्रत्येक फोटोची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये टाकेल. संगणकाने कुरकुर केली तर ती 'तक्रारी' नावाच्या फाइलमध्ये जाईल. ती मला पाठवा. मग यादी करू, तीही साधीसुधी नाही, तारीखवार, रंगवार, स्वभाववार.

तुमचा,
बॉबिन


८ मार्च

चि. बॉबिन यास,
आशीर्वाद.

काल दुपारी दोन वाजता स्क्रिप्ट चालवली. अर्ध्या तासाने संपली. नव्या फोल्डरमध्ये तीन फोटो आले आहेत. त्यांची नावं अशी: 'गंजलंय', 'नको' आणि 'वा'. तक्रारींची फाइल मोठी झाली आहे, चाळीस हजारांवर ओळी. पहिल्या पानावर 'काळं' नावाची फाइल नाही, 'सोनेरी' नावाची फाइल नाही, 'वेल' नावाची फाइल नाही, असं एकाखाली एक आहे. मला अर्थ लागला नाही. सोबत जोडली आहे. पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचो तेव्हा चुकलेला नकाशाही फाडायचा नाही असा नियम होता, म्हणून सगळी जशीच्या तशी पाठवतो.

तीन हा आकडा बरोबर आहे का, ते कळव.

आज एक शिंपी आला. मांडणीकडे बोट दाखवून म्हणाला, "ते माझं. काळं, सोनेरी वेलीचं."

मी म्हटलं, "तशी चार आहेत."

"मालकाला आपलं यंत्र कळत नाही होय? तुम्हाला तुमची बायको गर्दीत ओळखू येत नव्हती?"

एवढं म्हटल्यावर त्याचा त्यालाच विचार पडला. कानाची पाळी चोळत उभा राहिला. मला वाटलं, एवढ्या खात्रीने बोलतो आहे तर त्याचंच असेल. देऊन टाकलं. चाकाला निळा दोरा बांधलेला होता. तो कशाचा, हे त्याला सांगता आलं नाही. घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे.

यादी लवकर झाली तर बरं.

काका


९ मार्च

काका,

घाईत आहे, दोन मीटिंगच्या मधे लिहितोय.

तक्रारी कशाच्या ते तुम्ही पत्रात उतरवलेल्या पहिल्या ओळीवरूनच कळलं. चूक माझी, पण थोडी मावशीचीही. मी संगणकाला म्हटलं, नावांची यादी आण आणि एकेक नाव उचल. त्याला वाटलं, जिथे मोकळी जागा दिसली तिथे एक नाव संपलं. म्हणजे पत्रिका वाटायला दिलेल्या माणसाने पाकिटावरचा प्रत्येक शब्द वेगळं घर समजून शोधत फिरावं, तसं झालं. माणसं फाइलला नाव ठेवतात, मावशीने पत्र लिहिलंय.

नवीन स्क्रिप्ट जोडली आहे. या वेळी नावाला दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं लावली आहेत, म्हणजे आख्खं नाव अखंड उचललं जाईल. शिवाय स्वल्पविराम, प्रश्नचिन्हं असला कचरा पुढे त्रास देतो, म्हणून मूळ फोटोंची नावंच आधी चाळणीतून काढतोय. ही चाळणी मी ऑफिसात रोज वापरतो, आजवर एकदाही दगा दिलेला नाही. प्रत झालीच आहे, तेव्हा बिनधास्त चालवा.

बॉबिन


१२ मार्च

चि. बॉबिन यास,
आशीर्वाद.

सकाळी चष्मा दुरुस्त करून आणला. अकराला दुकानात पोचलो. तुझी दुसरी स्क्रिप्ट चालवली. दीड मिनिटात संपली. या वेळी एकही तक्रार आली नाही. फोटोंचा मूळ फोल्डर रिकामा आहे.

कुलूपवाला आला होता. मी खुर्चीवर बसलेलो पाहून म्हणाला, "तब्येत बरी नाही का?" मी म्हटलं, बरी आहे. तो म्हणाला, "मग तोंड असं का केलंय, कुलपात किल्ली मोडल्यासारखं?" त्याने चहा मागवला. मी प्यायलो.

त्या तोंडाळ टेलरबाई पुन्हा आल्या. सोमवारी या म्हणालो. दोन सोमवार तेच सांगतो आहे.

ती नावं आणखी कुठे असतील का, ते सवडीने कळव.

काका


१२ मार्च

काका,

आत्ता, या मिनिटाला संगणकाला हात लावणं थांबवा. त्यावर काही लिहू नका, काही साठवू नका. वाटल्यास त्याच्यावर टॉवेल टाका.

तुमचं आठ तारखेचं पत्र आता पुन्हा वाचलं. तीन फोटो, असं तुम्ही स्पष्ट लिहिलं होतं. मी 'प्रत झाली' असं वाचलं. कसं वाचलं, मला माहीत नाही.

काय झालं ते सांगतो. माझी चाळणी इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे सोडून बाकी सगळं गाळते. ऑफिसात सगळी नावं इंग्रजीत असतात. मावशीचं एकेक नाव अखंड उचललं गेलं आणि मराठी म्हणून अखंड गाळलं गेलं. उरलं काय, तर शेवटचं '.jpg'. चार हजार एकशे बारा फोटोंना एकच नाव मिळालं. दुसरा पहिल्याच्या जागी बसला, तिसरा दुसऱ्याच्या, आणि ज्याची जागा गेली तो गेला. मूळ फोल्डरमध्ये रांगेतला शेवटचा तेवढा उरला असेल. नावाची सुरुवात टिंबाने झाली की फाइल खिडकीत दिसत नाही, म्हणून फोल्डर रिकामा वाटतो. खाली एक हुकूम लिहिलाय, तेवढा टाइप करून बघा.

काका, मी फोन केला होता. तुम्ही उचलला नाहीत. बरोबरच आहे.

बॉबिन


१४ मार्च

चि. बॉबिन यास,

हुकूम टाइप केला. एक फाइल निघाली. तू म्हणतोस तसं तिला नाव उरलेलं नाही.

उघडली. एवढ्या दिवसांत उघडलेला हा पहिलाच फोटो. त्यात आपलं घरचं यंत्र आहे, तुझ्या आईने तिला लग्नात दिलेलं. पालथं घातलंय, खालचं झाकण काढलंय आणि आतले दाते पिवळट चिकट काहीतरी लागून माखलेत. कोपऱ्यात तिचा अंगठा आला आहे. यंत्रांचे फोटो ती घाईत काढायची, बहुतेकांत अंगठा येत असणार. ते आता कळायला मार्ग नाही.

तू चुकलास असं मी म्हणत नाही. तू वाचत नाहीस. ती असतानाही वाचत नव्हतास. ती तुला दोन पानं लिहायची आणि तुझं उत्तर यायचं, 'मस्त, मजेत राहा.' त्यावर ती हसायची. मला हसू यायचं नाही. हे पूर्वीच लिहायला हवं होतं.

यंत्रांचं मी बघतो. दुकानाबाहेर फलक लावीन की ज्याने त्याने येऊन आपलं यंत्र ओळखावं. शिंप्याच्या बाबतीत तसंच केलं होतं. ते बरोबर झालं नसावं.

तुझं काम सांभाळ.

काका


१७ मार्च

काका,

तीन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण वाचत होतो.

तुम्ही आठ तारखेला जोडलेली तक्रारींची फाइल मी उघडलीच नव्हती. परवा उघडली. पहिली तक्रार, 'काळं,' नावाची फाइल नाही. दुसरी, 'सोनेरी' नाही. तिसरी, 'वेल,' नाही. मी खाली उतरत गेलो आणि शंभराव्या ओळीच्या आसपास कळलं की मी मावशीचीच वाक्यं वाचतोय, एका वेळी एक शब्द. संगणकाने प्रत्येक नावाचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा सापडत नाही म्हणून माझ्याकडे गाऱ्हाणं घातलं. एकही शब्द वगळला नाही, क्रमही मोडला नाही. आणि जिथे तक्रारीत '.jpg' येतं, तिथे एक नाव संपतं.

जोडायला नवी स्क्रिप्ट लिहिली, पण तिच्या भरवशावर राहिलो नाही. एकेक नाव स्वतः वाचलं. चार हजार एकशे नऊ भरली. तुमची तीन मिळवून चार हजार एकशे बारा. दोन शब्दांत मावशीने कुठे जास्त जागा सोडली असेल तर तेवढी मात्र गेली. फोटो गेले ते गेलेच. खरं सांगायचं तर तुम्ही पहिल्या पत्रात मागितलेली यादी एका ओळीच्या हुकमाचं काम होतं. रंगवार, स्वभाववार मला हवी होती.

यादी सोबत आहे, जशीच्या तशी. एकही स्वल्पविराम काढलेला नाही. ऑफिसात रजा टाकली होती. साहेबांनी कारण विचारलं, तर म्हटलं, मावशी गेली. ते म्हणाले, ती तर जानेवारीत गेली ना? हो म्हटलं. तेव्हा घेतली नव्हती.

एका ओळीत मीही सापडलो. 'घरची कात्री, भाच्याने वायर कापली, फोटो यंत्राचा नाही तरी ठेवते.' काका, मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि तिने फोटो काढला तेव्हा एकतीस. बावीस वर्षं ती कात्री जपून ठेवली होती तिने, माझा सूड घ्यायला.

यादीतली शेवटची ओळ तुमच्याबद्दल आहे. तुमच्याकडे उरलेला फोटो त्याच ओळीचा. वाचायची की नाही ते तुम्ही ठरवा. मी वाचली, कारण आता मी सगळं वाचतो.

तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. तिचं डिसेंबरातलं पत्रही मी तसंच वाचलं होतं. आता काढून नीट वाचलं. त्यात तिने हात दुखतो असं दोनदा लिहिलंय.

बॉबिन


३१ मार्च

चि. बॉबिन यास,
अनेक आशीर्वाद.

गाळा आज दुपारी बाराला कुलूपवाल्याच्या ताब्यात दिला. त्याने आधी शटरला तेल घातलं, मग किल्ली घेतली.

यादी छापून घेतली तर एकशे अडतीस पानं झाली. दुकानदाराने विचारलं, कादंबरी का? मी हो म्हटलं. खोटं बोललो, पण चार माणसं मागे उभी होती.

यंत्रं ओळखायला नऊ दिवस लागले. मी यादी धरायचो आणि कुलूपवाला मांडणीपुढे उभा राहून सांगायचा. "पांढरं, डाव्या पायाखाली पुठ्ठा." मी शोधायचो. "पांढरं, पाय तोकडा, पुठ्ठा लावला, बाई म्हणतात नवऱ्यासारखं लंगडतं." तो हसत खाली बसायचा. गिऱ्हाइकांच्या हाती यादी जाऊ दिली नाही. टेलरबाईंनी फार आग्रह धरला. "तुमच्या मंडळींनी माझ्याबद्दल काय लिहिलंय ते दाखवाच." मी म्हटलं, सुई उलटी होती असं लिहिलंय. "एवढंच?" एवढंच, म्हटलं. त्यांची थोडी निराशा झाली.

निळ्या दोऱ्याचं यंत्र बाविसाव्या पानावर सापडलं. 'काळं, सोनेरी वेल, नर्सबाई, चाकाला निळा दोरा, तो काढायचा नाही, कारण विचारायचं नाही.' मी त्याच दिवशी शिंप्याकडे गेलो. त्याचं स्वतःचं यंत्र आपल्याच मांडणीवर होतं, 'शिंप्याचं काळं, बिघाड काही नाही, नुसतं पुसलं, खूश होईल' या नावाने. ते मी सोबत नेलं होतं. तो म्हणाला, "तरी मला वाटत होतंच, हे जरा जड चालतं." दोरा त्याने पहिल्याच दिवशी कापून टाकला होता. केरात शोधला, पण केर रोज जातो.

नर्सबाईंकडे यंत्र घेऊन मीच गेलो. निवृत्त आहेत, एकट्या राहतात. त्यांनी आधी चाकाकडे पाहिलं.

"दोरा होता," म्हणाल्या.

मी काय झालं ते सांगितलं. चुकीच्या माणसाला दिलं, त्याने कापला, चूक माझी.

"तुमच्या बाईंनी दिलं नसतं."

"नाही."

मग त्यांनी चाक हाताने एकदा फिरवून पाहिलं. उठताना मी यंत्र खिडकीशी सरकवून देऊ का विचारलं. द्या म्हणाल्या. दोरा कशाचा होता ते मी विचारलं नाही, यादीत तसं लिहिलंच आहे.

चाळीस यंत्रं ज्याची त्याला गेली. एक पांढरं उरलं. ते कुठल्याच नावात बसेना. शेवटच्या दिवसांत आलेलं असावं, तिने अजून फोटो काढला नव्हता. ते कुलूपवाल्याकडे ठेवलं आहे आणि त्यावर चिठ्ठी लावली आहे: 'पांढरं. मालक माहीत नाही. चौकशी आत करावी.' तिने ती चिठ्ठी पाहिली असती तर मला मागच्या खोलीत पाठवलं असतं.

शेवटची ओळ वाचली. 'ह्यांनी खायचं तेल घातलं, मी आठ दिवस खरवडत बसले, सांगितलं नाही.' आठ नव्हेत, सहा दिवस. मी रोज पाहत होतो. तेल कुठलं घालायचं ते विचारायला मला लाज वाटली होती. नंतर ती काही बोलली नाही, म्हणून मीही बोललो नाही. अकरा वर्षं झाली. तिला माहीत होतं की मला माहीत आहे, असं तू धरून चाल. मी तसंच धरून चाललो आहे.

तिच्या डिसेंबरातल्या पत्राचं तू लिहिलंस. हात दुखतो हे तिने मलाही सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, यंत्रं कमी घे. तेव्हा वाचलं नाही म्हणून तू एकटाच बसू नकोस.

मधल्या चिठ्ठीत तू मे महिन्यात येतो म्हणाला आहेस. ये. वरची खोली झाडून ठेवतो. तारीख पत्रात लिही, फोनवर नको.

यंत्रं उचलताना शर्टाचं वरून दुसरं बटण कुठेतरी तुटून पडलं. घरी तसलंच एक सापडलं आहे. सुईत दोरा ओवायला पंधरा मिनिटं लागली. हे पत्र इथे थांबवतो आणि उजेड आहे तोवर बटण लावून घेतो.

तुझा,
काका